धातू, सिमेंट आणि सरांचा निसटलेला दात

इंदूरमधल्या माझ्या दवाखान्यात निवृत्त शिक्षकांचे येणे-जाणे बरेच. त्यांपैकी मराठी शिकवणाऱ्या एका सरांचा वरचा पुढचा दात पडला होता. खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, “डॉक्टर, दिसण्याचे काही नाही हो, पण माझे दंत्य वर्ण तेवढे परत द्या.” ‘त’ आणि ‘स’ म्हणताना जीभ त्या फटीतून बाहेर येऊ पाहत होती. शेजारचे दात धडधाकट असल्यामुळे ते कोरणे मला पटेना. म्हणून मी एक छोटा ब्रिज केला: मध्ये नवा दात आणि दोन्ही बाजूंना धातूचे पातळ पंख. हे पंख शेजारच्या दातांच्या मागच्या अंगाला, जिभेकडून, चिकटवायचे असतात. सात महिन्यांनी सर तो ब्रिज रुमालात बांधून घेऊन आले. कोजागरीच्या कार्यक्रमात कविता वाचताना तो निसटला होता. “तुमचे सिमेंट कच्चे निघाले,” ते म्हणाले.

मी ब्रिज भिंगाखाली धरला. सगळे सिमेंट दातांवर जागच्या जागी होते, धातूच्या पंखांवर मात्र त्याचा मागमूस नव्हता. सिमेंट कच्चे असते तर ते मधोमध तुटले असते आणि थोडे दातावर, थोडे धातूवर राहिले असते. इथे सिमेंटने दाताला धरले होते, पण धातूला धरलेच नव्हते. चूक माझी होती. ती काय, हे सांगण्याआधी सिमेंट धातूला धरते म्हणजे नेमके काय होते, ते पाहायला हवे.

आपण सगळ्यालाच ‘चिकटणे’ म्हणतो. पाकिटावर तिकीट चिकटते, चिखलात चाक रुतते, डब्याचे झाकण घट्ट बसते. ही तीन वेगळी कामे आहेत. दाताची धातूची कॅप पिढ्यान् पिढ्या टिकली ती तिसऱ्या प्रकाराने. दात चहूबाजूंनी कोरून त्याचा खुंट करायचा, त्याच्या भिंती जवळजवळ समांतर ठेवायच्या आणि वर कॅप बसवायची. पितळी डब्याच्या झाकणाला कोणी गोंद लावत नाही, ते उंच उभ्या भिंतींमुळे बसते. तोच खुंट शंकूसारखा निमुळता झाला, की कॅप उलट्या वाटीसारखी अलगद उचलली जाते. भिंतींचा कोन थोडा वाढला तरी पकड किती झपाट्याने घटते, हे योर्गेनसेन यांनी 1955 साली मोजून दाखवले.

या व्यवस्थेत सिमेंट फक्त फट भरते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले झिंक फॉस्फेट दाताला चिकटत नाही आणि धातूलाही नाही. दोन्हींच्या खरबरीत खाचांत शिरून ते घट्ट होते आणि पाचरीसारखे अडून बसते. विद्यार्थी असताना मे महिन्यात गार काचेच्या पट्टीवर ते थोडे थोडे कालवताना आमची तारांबळ उडायची, कारण उष्णतेने ते हातातच घट्ट होते. पुढे 1968 साली मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ यांनी पॉलिकार्बोक्सिलेट सिमेंट आणले. खऱ्या रासायनिक अर्थाने दाताला धरणारे ते पहिले सिमेंट. ते पोलादालाही बरे धरते, पण सोन्यापुढे हात टेकते.

सोन्याचे असे का? निकेल-क्रोमियमसारख्या मिश्रधातूवर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. सिमेंटचे रेणू पकडतात ते या थराला. खालच्या नुसत्या धातूशी त्यांचे काही जमत नाही. सोने गंजत नाही, म्हणून तर ते उत्तम धातू. पण गंजत नाही म्हणजे त्याच्यावर ऑक्साइड नाही, आणि म्हणून रेणूंना धरायला जागाच नाही. यावर दंतवैद्यांनी चक्क कल्हई केली. सोन्याच्या कॅपच्या आतल्या बाजूला विजेच्या साहाय्याने कथिलाचा पातळ मुलामा द्यायचा. कल्हईवाला नवसागर टाकतो तो भांड्यावरचा ऑक्साइड जाऊन कथिल बसावे म्हणून. आम्ही कथिल बसवत होतो ते त्याच्यावर ऑक्साइड यावा म्हणून. आता गंधकयुक्त रेणू असलेले प्रायमर मिळतात. सोन्याचे प्राणवायूशी वाकडे असले तरी गंधकाशी चांगले जुळते.

सरांच्या ब्रिजमध्ये मात्र खुंटही नव्हता आणि झाकणही. दात कोरलेच नव्हते, त्यामुळे सगळा भार चिकटण्यावर. दाताकडची बाजू मायकेल बुओनोकोर यांनी 1955 सालीच सोडवली होती. दाताच्या कवचाला, म्हणजे इनॅमलला, फॉस्फरिक आम्ल लावले की सूक्ष्म खड्डे पडतात आणि त्यांत रेझिन रुतते. ही युक्ती त्यांना सुचली ती धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत हेच आम्ल वापरत त्यावरून. धातूवरून दातावर आलेली युक्ती पुन्हा धातूवर न्यायला मात्र वेळ लागला. 1973 साली फ्रान्सच्या रोशेत यांनी धातूच्या पट्टीला भोके पाडली. भोकांतून वर आलेले रेझिन रिव्हेटसारखे काम करी, पण ते उघडे पडून झिजायचे. 1980च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात लिवादितिस आणि थॉम्पसन यांनी विजेच्या प्रवाहाने धातूच्या आतल्या बाजूलाच सूक्ष्म खड्डे पाडले. म्हणून या ब्रिजला आजही मेरीलँड ब्रिज म्हणतात, मग त्यात तसे खड्डे पाडलेले असोत वा नसोत.

खड्ड्यांची गरज कमी केली ती जपानी रसायनज्ञांनी. 1980च्या दशकात तिथे एमडीपी नावाचा रेणू असलेले रेझिन सिमेंट आले. या रेणूला दोन टोके. एका टोकाचा फॉस्फेट गट धातूवरच्या ऑक्साइडला धरतो, दुसरे टोक रेझिनच्या साखळीत गुंफले जाते. पण यासाठी धातूचा पृष्ठभाग कोरा लागतो. त्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे 50 मायक्रॉनचे कण हवेच्या दाबाने धातूवर मारतात. यालाच सँडब्लास्टिंग म्हणतात. चकाकी जाऊन धातू राखाडी, निस्तेज दिसू लागला की तो तयार. पृष्ठभाग खरबरीत होतो, मळ जातो आणि ताजा ऑक्साइड उघडा पडतो.

माझी चूक इथेच. पंखांचे सँडब्लास्टिंग लॅबमध्ये दोन दिवस आधी झाले होते. मग ब्रिज नीट बसतो का हे पाहायला मी तो सरांच्या तोंडात घालून पाहिला. लाळेतली प्रथिने काही क्षणांतच पृष्ठभागावर थर धरतात आणि नुसत्या पाण्याने तो थर पुरता निघत नाही. मी ब्रिज धुतला, पुसला आणि चिकटवला. सिमेंटने धरले ते त्या लाळेच्या पापुद्र्याला.

अशी चूक पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. प्रयोगशाळेत चिकटवलेले नमुने 5 आणि 55 अंश सेल्सियसच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात ते यासाठीच. आईस्क्रीमनंतर चहा घेतला की तोंडात हेच होते. रेझिन धातूपेक्षा जास्त प्रसरण पावते, ताण पडतो, आणि सीमेवर पाणी शिरून कच्चे बंध सोडवते. चिकटवल्यानंतरचा चोवीस तासांचा आकडा कितीही मोठा असला, तरी पाण्यात मुरलेल्या नमुन्याचा आकडा पाहिल्याशिवाय मी आता कुठल्याच सिमेंटची जाहिरात वाचत नाही.

सरांचा ब्रिज निसटून हातात आला हे एका परीने बरेच झाले. कधी एकच पंख सुटतो आणि दुसरा धरून राहतो. रुग्णाला काही कळत नाही, सुटलेल्या पंखाखाली अन्न साचते आणि चांगला दात किडतो. त्याहून वाईट म्हणजे घरचा उपाय. एक आजी निघालेली कॅप बाजारातल्या झटपट गोंदाने चिकटवून आल्या होत्या. कॅप वाकडी बसली होती, दात मिटत नव्हते, हिरडी सोललेली, आणि आत ओल. निघालेली कॅप स्वच्छ डबीत ठेवावी आणि लवकर दाखवावी. तिच्या आतल्या बाजूला काय शिल्लक आहे, यावरूनच आम्हाला कारण कळते. ती बाजू घरी खरवडूही नये.

सरांच्या दातांवरचे जुने सिमेंट मी काढले. ब्रिज घालून पाहिला, बाहेर काढला आणि त्यानंतर खुर्चीशेजारीच सँडब्लास्टिंग केले. लाळ येऊ नये म्हणून दातांभोवती रबर डॅमची पातळ चादर बांधली, धातूला प्रायमर लावला, दाताला आम्ल. पंख बसवल्यावर कडांना जेल लावली, कारण हे सिमेंट हवा तुटल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. इतका वेळ सरांना बोलता आले नाही, ही त्यांची मोठी तक्रार. रबर काढल्यावर त्यांनी आधी चूळ भरली, मग आरशाकडे न पाहता डोळे मिटून सावकाश म्हटले, “त, थ, द, ध.” थांबले. “आता ‘स’ राहिला,” म्हणाले, आणि तोही म्हणून पाहिला.