आधी खांदा, मग गाडी

पहाटे 3. पौषातली थंडी. रेणापूरच्या शिवारात ऊसतोड टोळीच्या कोप्या अजून निजलेल्या. गाडीवान मामा मात्र उठलेत. बॅटरीच्या उजेडात ते सोन्या बैलाच्या खांद्यावर तळहात टेकवतात आणि तसाच ठेवतात. काल तिथं टणक लागलं होतं. ‘गरम लागला तर आज जुपायचं न्हाई,’ ते म्हणतात. गाडी उभी राहिली की दिवस बुडतो, आणि उचल तर दिवाळीआधीच खर्चून झालेली. तरीही तळहात सांगेल तसंच.

खांदा गार आहे. जुवाला मामी जुन्या लुगड्याची घडी बांधतात.

पहाटे 5. रेणा मध्यम प्रकल्पाच्या पाण्यावर वाढलेला फड. कोयता चालतो, मोळ्या पडतात. बैलांपुढे वाढे. गावातली माणसं वाढे विकत न्यायला येतात, पण जोडीचं पोट भरल्याशिवाय मामी एक पेंढी हलू देत नाहीत. जोडी लाल कंधारी, शेजारच्या नांदेडच्या कंधारची जात. आमच्या जिल्ह्याची देवणी पांढरी-काळी, ही तांबडीलाल.

सकाळी 11. गाडी भरायची. खरं कसब इथं आहे. ओझं पुढं गेलं तर मानेवर बसतं, मागं गेलं तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलून बैलांच्या गळ्याला फास लागतो. मामा दर थराला जू हातानं उचलून बघतात. हे त्यांना वडिलांनी लाकडी चाकांच्या गाडीवर शिकवलं. रबरी टायर आले, गाडी हलकी चालू लागली, पण भारही वाढला.

दुपारी 2. रस्ता. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर शेजारून जातात. 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात 9 तासांहून जास्त आणि सलग 5 तासांहून जास्त जुंपता येत नाही. पारा 37 अंशांपुढे गेला तर 12 ते 3 सुट्टी. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्चचं ऊन येतं, तेव्हा हा नियम पाळलाच पाहिजे. 2022 मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली टेकूचं चाक बसवलं, ‘सारथी’ नावानं. मानेवरचा भार जमिनीवर उतरवणारं ते चाक प्रत्येक ऊसगाडीला मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी 5. कारखान्याचा काटा. भरली गाडी एकदा, रिकामी एकदा. जू सुटताच सोन्या अंग झाडतो. पाणी, मूठभर पेंड.

रात्री 9. कोपीपुढं चूल. भाकरीआधी तव्यावर तेल-हळद कोमट होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून बैलांना आवतण देतात. हंगामात ही मळणी रोज रात्रीची. मामांची बोटं गोल फिरतात, एका जागी थबकतात.

‘बघा हो, गरम हाय का?’ मामी चुलीपासून विचारतात.

‘थांब जरा,’ म्हणत मामा पुन्हा तळहात टेकवतात.