अडलेली अंडी

फेब्रुवारीतील गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. आमच्याच गल्लीत राहणारा, पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा कापडाने झाकलेला प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन आत आला. "काका, राजाचे पोट फुगले आहे. दहा-बारा दिवस काही खाल्ले नाही." कापड बाजूला केले तर आत शेपटीसह चार फूट लांबीचा हिरवट करडा सरडा! माझ्या कंपाउंडरने दाराबाहेर धाव घेतली ती थेट पानाच्या टपरीपर्यंत.

हा प्राणी म्हणजे इग्वाना. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. शहरात हौसेखातर लोक हाताएवढे पिल्लू विकत घेतात, ते वाढून चार-पाच फुटांचे झाले की हौस फिटते. या मुलाच्या शेजारच्या खोलीतील भाडेकरू जागा सोडताना त्याला काचेच्या पेटीसकट मागे टाकून गेला होता. याला दया आली आणि तो राजाला घरी घेऊन आला.

मी माणसांचा डॉक्टर. जनावराला औषध देण्याचा मला अधिकार नाही आणि ज्ञानही नाही, असे मी स्पष्ट सांगितले. तरी सवयीने विचारपूस केलीच. पोट साफ होत नसेल म्हणून आईने दोन चमचे एरंडेल पाजले होते. एकाने पोट चोळण्याचा सल्ला दिला होता, तो सुदैवाने अमलात आला नव्हता. इतक्यात मुलाची आजी काठी टेकत मागोमाग आली. तिने निदान करूनच ठेवले होते. "डॉक्टर, हा राजा नव्हे, राणी आहे. आठ दिवस झाले, कोपरा उकरतेय. जागा शोधतेय बिचारी. अडली आहे ती."

माझ्या एका मित्राचे एक्स-रे सेंटर आहे. त्याने फारशी कुरकुर न करता एक फोटो काढून दिला. आजी बरोबर होती. पोटभर लांबट गोलसर सावल्या, मोजता मोजता तीसच्या वर गेल्या. मुलाला नवल वाटले, कारण नर तर कधी जवळही नव्हता. पण कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी घालते, तशीच इग्वानाची मादीही घालते. त्यातून पिल्ले निघत नाहीत, एवढेच. मला मात्र त्या फोटोत दुसरीच गोष्ट खटकली. हाडे अगदी फिकट दिसत होती. लहान मुलांच्या मुडदूसात दिसतात, तशी.

आता एक कबुली देतो. माझ्या दवाखान्यातील फ्रीजमध्ये ऑक्सिटोसिनच्या अँप्यूल होत्या. कळा आणणारे हेच ते इंजेक्शन. मुलगा म्हणाला, "काका, तुम्हीच देऊन टाका ना." क्षणभर हात शिवशिवला. पण तीस वर्षांपूर्वी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना एक बाई जीपमधून आणली गेली होती. घरीच कुणीतरी कळा वाढवण्याचे इंजेक्शन दिले होते आणि मूल पोटात आडवे होते. गर्भाशय फाटले. मूल गेले. जिल्हा रुग्णालयात पिशवी काढून बाई कशीबशी वाचली. वाट मोकळी आहे की नाही हे न पाहता मागून जोर लावला की काय होते, ते मी त्या रात्री पाहिले आहे. बाई असो की सरडा, पोटातले गणित तेच. फ्रीजचे दार मी उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे गेलो. गाई-म्हशींत आयुष्य घालवलेला हा गृहस्थ प्रामाणिक. त्यांनी "मला यातले फारसे कळत नाही" असे सांगून पुण्यात अशा प्राण्यांवर उपचार करणाऱ्या आपल्या वर्गमित्राला फोन लावला. त्यांच्या बोलण्यातून मला जे समजले ते असे. अंडी पोटात असताना मादी काही आठवडे खाणे सोडते, पण डोळे तरतरीत असतात, हालचाल असते. तोवर घाबरण्याचे कारण नाही. ती मलूल होऊन पडून राहिली, डोळे खोल गेले, बोटे थरथरू लागली किंवा नुसतीच कुंथू लागली, तर एक दिवसही थांबू नये. पोट तर कधीच दाबू नये. आत अंडे फुटले तर जिवावर बेतते.

अंडी अडतात का? कधी अंड्याचा आकार वेडावाकडा असतो, कधी वाट अरुंद असते. पण पाळलेल्या जनावरात बरेचदा दोष पाळणाऱ्याचा. राजा (म्हणजे राणी) वर्षभर काचेच्या पेटीत होती. उकरायला माती नाही. खायला काकडी आणि पालक. पालकात कॅल्शियम असते, पण त्यातील ऑक्झॅलेट ते अंगी लागू देत नाही. पेटी खिडकीशी ठेवलेली, म्हणून ऊन मिळते असा मालकाचा समज. ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होते ते काचेतून आत येतच नाहीत म्हटले तरी चालेल. (बाळाला बंद खिडकीआडून कोवळे ऊन दाखवणाऱ्या मातांनीही हे लक्षात घ्यावे.) कॅल्शियम कमी पडले की स्नायूंना जोर राहत नाही. मग कळा येणार कुठून?

थोडक्यात, तिला बाळंतिणीची खोली हवी होती. आजीने हे ऐकले आणि सूत्रे हाती घेतली. जुने प्लॅस्टिकचे पिंप आडवे कापले, त्यात फूटभर ओलसर वाळू आणि माती भरली, वर गोणपाट टाकून अंधार केला. थंडी असल्याने रात्री दिव्याची ऊब दिली. अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात सकाळचे उघडे ऊन, बाजूला सावली आणि पाणी. कॅल्शियम आणि सलाईन पशुवैद्यांनी वजन करून, फोनवर विचारून दिले. घरातल्या सर्वांना तिकडे डोकावण्याची बंदी झाली. तिसऱ्या रात्री ती पिंपात शिरली. सकाळी वाळूत सत्तावीस अंडी मिळाली.

इथे मी गोष्ट संपवली असती, पण पोट पूर्ण रिकामे झाले नव्हते. पुन्हा फोटो काढला, सहा उरली होती. दोन दिवस वाट पाहून तिला पुण्याला नेले. तिथे आधी कॅल्शियम आणि मग मापात ऑक्सिटोसिन दिले, दोन अंडी आली. उरलेल्या चारांसाठी शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वेळी अंडाशयही काढले, म्हणजे पुढच्या वर्षी हा प्रसंग नको. भूल उतरायला फार वेळ लागला. मुलाने त्या दुपारी मला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. संध्याकाळी पाचव्यांदा केला, तेव्हा तिने डोळे उघडले होते.

खरे तर या सगळ्यात माझी काळजी वेगळीच होती. त्या घरात मुलाची दोन वर्षांची भाची आहे. सरडे, कासवे, साप यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. प्राणी ठणठणीत दिसतो, पण त्याच्या विष्ठेतून आलेले जंतू हाताला लागून तोंडात गेले की जुलाब आणि ताप येतो. पाच वर्षांखालील मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांना तो फार जड जातो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आमच्या या घरी राजाची भांडी स्वयंपाकघरातील मोरीत धुतली जात होती! ती बादली आणि घासणी वेगळी करायला लावली. हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. अशा घरातील मुलाला तापासह जुलाब झाले, तर डॉक्टरांना "घरात सरडा आहे" हे आपणहून सांगावे. आम्हाला विचारायचे सुचेलच असे नाही. भिंतीवरच्या पालीतही हे जंतू सापडतात, म्हणून अन्न झाकून ठेवावे. पाल स्वतः विषारी नसते.

आणखी एक. इग्वाना परदेशी असला तरी २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव कायद्याच्या कक्षेत आला आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. टाकून दिलेला प्राणी सापडला तर आधी वनखात्याला कळवावे. मुलाला मी तसाच वनखात्याच्या कचेरीत पाठवला. आपली घोरपड तर पाळताच येत नाही.

परवा त्यांच्या घरावरून जात होतो. आजी जाळीतून शेवग्याची कोवळी पाने आणि जास्वंदीचे फूल आत सरकवत होती. शेजारी भाची उभी होती. मला पाहताच तिने दोन्ही तळवे पुढे करून दाखवले. साबणाचा फेस अजून तसाच होता.