ढगाळ नळी म्हणजे निकाल नव्हे

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजी (मोठी) इथे आहे. या भागातल्या आरोग्याबद्दल बोलायचं तर सिकलसेल टाळून चालत नाही. विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतरही काही समाजांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याची पहिली चाचणी, सोल्युबिलिटी टेस्ट, दिसायला अगदी साधी. बोट टोचायचं, थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात सोडायचं, पाचेक मिनिटं थांबायचं. द्रावणातल्या सोडियम डायथायोनाइटला गंधकासारखा उग्र वास येतो. हिमोग्लोबिनमधला ऑक्सिजन काढून घेणारं रसायन तेच. मग नळीमागे काळ्या रेघांचा पांढरा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण ढगाळून त्या पुसल्यासारख्या झाल्या तर ‘पॉझिटिव्ह’. नजर पुन्हा पुन्हा त्या रेघांवरच जाते, कारण सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

हिमोग्लोबिन हे प्रथिन. त्याच्या प्रत्येक बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ठरलेल्या क्रमाने गुंफलेली असतात. त्या १४६ पैकी फक्त सहावं बदलतं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. १९५० च्या दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी हे दाखवून दिलं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो आणि त्याला पाणी मानवतं; व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. ऑक्सिजन सुटला की ही व्हॅलिन शेजारच्या रेणूतल्या खाचेत अडकतात, रेणूंचे लांब दोर बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नळीत दिसणारा ढग म्हणजे न विरघळलेलं हेच प्रथिन. पण आईवडिलांपैकी एकाकडूनच हा बदल मिळालेल्या वाहकाच्या, म्हणजे एएसच्या, रक्तानेही नळी ढगाळते आणि दोघांकडून मिळालेल्या एसएस रुग्णाच्या रक्तानेही. वाहक सहसा ठणठणीत असतो. रुग्णाला वेदनेचे झटके, रक्तक्षय, जंतुसंसर्ग आयुष्यभर छळतात. या दोघांना एकच शब्द लावणं हा अन्याय आहे.

यावर कुणी म्हणेल, २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेने ७ कोटी लोक तपासायचं ठरवलं, तिथे स्वस्त चाचणी हवीच. हवीच, पण चाळणी म्हणून. शिवाय तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने तिथे ही चाचणी फसते. खरा उलगडा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी होतो. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये ऋण प्रभार कमी झालेलं सिकलचं हिमोग्लोबिन मागे रेंगाळतं आणि वाहकाचे दोन पट्टे वेगळे उमटतात. दुसरा आक्षेप असा, की गावकऱ्यांना अमिनो आम्लं कशाला सांगायची? कारण न सांगितल्यास त्या जागी ‘खराब रक्त’ येऊन बसतं आणि धडधाकट मुलीचं लग्न मोडतं. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एकच एएस असेल आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल तर शून्य. हा हिशेब कुणालाही समजतो.

तेव्हा तपासणीचा कागद हातात आला की त्यावर एएस आहे की एसएस ते वाचून घ्या. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर दुसरी तपासणी मागा, आणि ती होईपर्यंत सोयरिकीचा निर्णय घेऊ नका.