हरवलेला दम परत मिळतो

“दिवसभर लाइनवर उभा असतो, आणखी वेगळा व्यायाम कशाला?” भोसरी एमआयडीसीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कंपनीच्या कँटीनमध्ये हा प्रश्न ऐकायला मिळतो. त्यात तथ्य आहे. आठ तास उभं राहून पोटऱ्या भरून येतात, कंबर दुखते, घरी आल्यावर पाठ टेकावीशी वाटते. पण नुसतं थकल्याने दम वाढत नाही. हृदय आणि फुप्फुसं तयार व्हायची तर नाडी काही वेळ चढलेली राहावी लागते. असेंब्ली लाइनवर, फोर्कलिफ्टवर किंवा सीएनसी मशीनपुढे ते सहसा घडत नाही. मग चाळिशीत एखाद्या दिवशी सोसायटीची लिफ्ट बंद पडते, तिसऱ्या मजल्यावर छाती भात्यासारखी हलते आणि जिमची चौकशी सुरू होते.

कामावर बसणं आणि हलणं यातला फरक सगळ्यात आधी दाखवला तो लंडनच्या बसने. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. बस एकच, पगार साधारण सारखा, तरी हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त होता. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे, ड्रायव्हर सीटवर बसून असे. टपाल वाटत फिरणारा पोस्टमन आणि टेबलावरचा कारकून यांच्यातही तसाच फरक आढळला.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा फरक पिढ्यांचा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को आणि बजाज आल्या, १९८२ मध्ये महापालिका झाली. सुरुवातीच्या काळातले कितीतरी कामगार सायकलवर कामाला जात. आज तोच प्रवास दुचाकीवर नाहीतर कंपनीच्या बसमध्ये होतो आणि तळेगाव चौकातल्या कोंडीत बसून राहण्याचा वेळ त्यात वाढतो. फर्स्ट शिफ्टवाल्याची बस उजाडण्याआधी येते, सेकंड शिफ्टवाला मध्यरात्री घरी पोहोचतो. निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी फिरायला जाणं उत्तमच, पण ज्याची झोपेची वेळच दर आठवड्याला बदलते त्याच्याकडे ती सकाळ नसते. या पट्ट्यात ट्रेडमिल आणि सायकलची खरी उपयुक्तता इथे आहे. पाऊस असो, रात्र असो, रस्त्यावर कंटेनर असोत, मशीन अडून बसत नाही.

आपल्याकडच्या माणसाला या मशीनची गरज का जास्त आहे, हे सांगणारं संशोधन शेजारच्या पुण्यातलंच आहे. केईएम हॉस्पिटलचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन नियमित मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरायला धावणं, असं त्या दोघांनीच तिथे लिहून ठेवलं. स्वतःच्या शरीराचा आकडा असा जगापुढे ठेवायला धैर्य लागतं, आणि त्यातून जो मुद्दा कळला तो दहा व्याख्यानांनी कळला नसता. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून सडपातळ असेलच असं नाही. म्हणून वजनकाट्यावर विसंबून न राहता कंबर मोजावी. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही आपल्याकडे धरली जाणारी मर्यादा आहे. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचं सांगितलं, तेव्हा कंबर मोजायची टेप घरात असायलाच हवी.

आता आशेची गोष्ट. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं गेलं. तेवढ्यात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो ती, पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी संशोधकांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं. सगळे पन्नाशीचे झाले होते. सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलं होतं, शरीरातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. पण तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढा दम कमी झाला होता, त्याहून जास्त नुकसान विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने केलं होतं!

मग त्यांना सहा महिने व्यायाम दिला : चालणं, हळू धावणं आणि स्थिर सायकल. सुरुवात अगदी थोडक्यात, मग आठवड्यागणिक वाढवत शेवटी आठवड्याला साधारण साडेचार तास. सहा महिन्यांनी पाचही जणांची मिळून सरासरी क्षमता अंथरुणावर पडण्याआधी विशीत होती तिथे परत आली. वजन मात्र साडेचार-पाच किलोच उतरलं. जिममध्ये पहिल्या महिन्यात काटा हलला नाही म्हणून नाव काढून टाकणाऱ्या प्रत्येकाने ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी. दम आधी परत येतो, वजन मागाहून आणि बरंचसं ताटावर अवलंबून. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास चालला तर ढोबळमानाने सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुप्पट असतात. मशीनच्या पडद्यावरचा कॅलरीचा आकडा तर बहुतेक वेळा फुगलेलाच असतो, त्याच्या भरवशावर जेवण ठरवू नये.

सुरुवात कशी करावी, हे इथल्या माणसाला पटकन समजेल. नव्या मोटारसायकलचे पहिले हजार किलोमीटर गाडी रेस न करता काढायचे असतात, तसाच हा पहिला महिना. हृदय काही आठवड्यांत नव्या कामाला सरावतं, पण सांध्यांचे अस्थिबंध आणि टाचेमागची शीर यांना जास्त वेळ लागतो. कॉलेजात धावायचो तेवढंच आज धावून बघतो, या हट्टापायी गुडघा धरून बसलेली माणसं प्रत्येक जिममध्ये सापडतात. आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटं, एवढं पुरे. ट्रेडमिलवर पहिली पाच मिनिटं ताशी तीन किलोमीटर, मग साडेचार ते पाच, शेवटची तीन-चार मिनिटं पुन्हा हळू. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत चाळिसापर्यंत न्यावं. त्यानंतर वेग वाढवण्याऐवजी पट्ट्याला दोन-तीन टक्के चढ द्यावा, गुडघ्यावर आदळआपट न होता नाडी वर जाते. पुढची दांडी धरून चालू नये, अर्धं काम हातच करून टाकतात.

जोर किती लावायचा याचं माप सोपं आहे. चालताना हरिपाठाचा अभंग बोलून म्हणता येतो, पण चालीवर गाता येत नाही, तो वेग बरोबर. आकडाच हवा असेल तर वयाला ०.७ने गुणून ते २०८मधून वजा करावं. चाळिशीच्या माणसाची कमाल नाडी त्या हिशेबाने १८० येते आणि सुरुवातीला १०८ ते १३५च्या दरम्यान राहणं चांगलं. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी खाली ठेवतात, त्या घेणाऱ्यांनी आकडा सोडून बोलण्याची कसोटीच वापरावी.

वजन जास्त किंवा गुडघे कुरकुरत असतील तर सायकल बरी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच हवी. लोक ती फार खाली ठेवतात आणि मग गुडघेदुखीचा दोष सायकलला देतात. क्रॉस ट्रेनरवर पाऊल उचलावंच लागत नाही, त्यामुळे धक्का कमी. रोइंग मशीन सगळ्यात कमी वापरलं जातं, पण सगळ्यात जास्त स्नायू तेच वापरतं. त्यात आधी पायांनी रेटायचं, मग पाठ, हात शेवटी.

घरासाठी मशीन घेताना मोटरची ‘पीक’ नव्हे तर ‘कंटिन्युअस’ हॉर्सपॉवर विचारावी, दुकानदार सांगतात ती बहुधा पहिली असते. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल, पट्ट्याचा ताण आणि तो मध्यावर चालतोय ना, ही तपासणी कंपनीत कन्व्हेयर सांभाळणारा फिटर डोळे मिटून करेल, पण घरच्या ट्रेडमिलकडे तोच माणूस वर्षभर बघत नाही. फ्लॅटमध्ये खालच्या घराचा विचार करून जाड रबरी मॅट टाकावी. लहान मुलं असतील तर वापर संपताच प्लग आणि सेफ्टी की दोन्ही काढून ठेवावीत. चालत्या पट्ट्यात बोटं सापडून मुलांना खोल भाजल्यासारख्या जखमा होतात.

ट्रेडमिल आधी दवाखान्यातही भेटते. हृदयाच्या टीएमटी चाचणीची सर्वांत रुळलेली पद्धत सिअ‍ॅटलचे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडली : १० टक्के चढावर ताशी २.७ किलोमीटरने सुरुवात आणि दर तीन मिनिटांनी वाढ. मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयातल्या हृदयविकाराचा इतिहास किंवा सिगारेट-तंबाखूची सवय असेल, तर जिमची फी भरण्याआधी डॉक्टरांना भेटावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर यांपैकी काहीही झालं तर मशीन तिथेच थांबवायचं. नाइट शिफ्ट करून आल्यावर आधी झोप, मग व्यायाम.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटांची आहे. मोशी, रावेत, पुनावळे, वाकडच्या कित्येक सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये ती पुरी करायला लागणारी मशीन आधीच उभी आहेत. पण जिथे जिम रात्री दहाला कुलूपबंद होऊन सकाळी सहाला उघडते, तिथे फर्स्ट शिफ्टचा माणूस उघडण्याआधी निघून गेलेला असतो आणि सेकंड शिफ्टचा बंद झाल्यावर येतो. ज्यांच्या देखभाल खर्चातून ती मशीन आली, त्यांनाच ती मिळत नाहीत. सोसायट्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत पहाटे साडेचार ते रात्री साडेबारा या वेळेचा ठराव मांडावा आणि रात्री आवाज होऊ नये म्हणून त्या वेळेला निदान सायकली तरी खुल्या ठेवाव्यात.