गिऱ्हाईक आपले, वाट परक्याची

एप्रिल उजाडला की देवगड-रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार फेसबुकवरील आपापल्या पेजवर हापूसच्या पेट्यांचे भाव टाकू लागतात. दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईतल्या आणि ठाण्या-डोंबिवलीतल्या गृहिणी घरगुती चकली-अनारशांची छायाचित्रे याच मार्गाने गिऱ्हाइकांपुढे ठेवतात. दलालाला टाळून थेट ग्राहकाच्या दारात जाण्याची ही सोय लहान धंदेवाल्याला वरदान वाटली आणि सुरुवातीला ती तशी होतीही. परंतु हा व्यवहार काही वर्षे केलेल्या बहुतेकांना एक कोडे पडलेले असते. पेजचे अनुयायी दहा हजार, आणि भावाची पोस्ट मात्र पाच-सहाशे जणांच्याच नजरेस पडते. माल तोच, भाव रास्त, गिऱ्हाईकही रुसलेले नाही; मग उरलेले साडेनऊ हजार गेले कोठे?

ते कोठेही गेलेले नसतात. त्यांच्यापर्यंत ती पोस्ट नेलीच जात नाही. टपाल कचेरीत आलेली प्रत्येक चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याला पोचवली जाते. ती चिठ्ठी महत्त्वाची की बिनमहत्त्वाची, हे ठरवण्याचा अधिकार पोस्टमनला नसतो. फेसबुकचा कारभार या रीतीचा नाही. तेथे प्रत्येक वाचकासाठी स्वतंत्र निवड होते, आणि ती कशी व्हावी हे त्या कंपनीची गणिती यंत्रणा ठरवते. पेजचे अनुयायी होणे म्हणजे पत्राचा वर्गणीदार होणे, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. वस्तुतः तो केवळ एक अर्ज असतो. तो मंजूर करायचा की नाही, हे दर वेळी नव्याने ठरते.

ही व्यवस्था एका दिवसात अवतरलेली नाही. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड सुरू केली, तेव्हा आपल्या हालचाली सर्वांच्या पुढ्यात आपोआप मांडल्या जातात, म्हणून विद्यार्थिवर्गात मोठा गहजब झाला होता. व्यापारी पेजेस आली ती नोव्हेंबर २००७ मध्ये. २०१० मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी निवडीची तीन तत्त्वे जाहीर केली: वाचकाचा त्या पेजशी असलेला घरोबा, पोस्टला मिळालेल्या प्रतिसादाचे वजन आणि पोस्ट किती जुनी आहे हे. तत्त्वे ऐकायला साधी होती. पुढे ती इतकी गुंतागुंतीची झाली की कोणते पारडे कशाने झुकते, हे बाहेरच्या माणसाला सांगता येणे अशक्य झाले.

मे २०१२ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले आणि त्याच महिन्यात पैसे भरून पोस्ट अधिक लोकांना दाखवण्याची सोय पेजेसना देण्यात आली. हा निव्वळ योगायोग मानायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पैसे न भरता पेजची पोस्ट सरासरी १६ टक्के अनुयायांपर्यंत पोचते, असे तेव्हा कंपनीच सांगत होती. ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेने शंभराहून अधिक पेजेस तपासली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ मध्ये १२ टक्के असलेली ही पोच फेब्रुवारी २०१४ मध्ये ६ टक्क्यांवर आलेली आढळली. पाच लाखांहून अधिक अनुयायी असलेल्या पेजेसची तर २ टक्क्यांच्या आसपास. अवघ्या चार महिन्यांत निम्मी वाट बंद झाली होती.

जून २०१४ मध्ये कंपनीचे एक अधिकारी ब्रायन बोलंड यांनी या ओरडीला उत्तर दिले. फेसबुक उघडणाऱ्या सामान्य वाचकासाठी दर वेळी सुमारे १,५०० गोष्टी वाट पाहत असतात, त्यांतल्या ३०० च्या आसपासच दाखवता येतात, म्हणून निवड अपरिहार्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. दीड हजार पाट्या एकाच वेळी डोळ्यांपुढे आल्या, तर माणूस एकही वाचणार नाही. प्रश्न निवड असावी की नसावी हा नव्हताच. तो निवड कोणी आणि कोणाच्या हितासाठी करावी हा होता. याच बोलंड यांनी २०२० मध्ये कंपनी सोडली आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या सेनेटच्या समितीपुढे कंपनीच्या अपारदर्शक कारभाराविरुद्ध साक्ष दिली, ही गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे.

फीडच्या मांडणीत केलेला एक फरक किती जणांच्या पोटावर पाय आणू शकतो, याचा सर्वांत बोलका दाखला २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. स्लोव्हाकिया, सर्बिया, श्रीलंका, कंबोडिया, बोलिव्हिया आणि ग्वाटेमाला या सहा देशांत फेसबुकने एक प्रयोग केला. फीडचे दोन भाग केले. मुख्य भागात फक्त आप्तमित्रांच्या पोस्ट आणि जाहिराती राहिल्या. पेजेसच्या साऱ्या पोस्ट ‘एक्सप्लोर’ नावाच्या आतल्या दालनात हलवल्या गेल्या. पैसे भरणाऱ्या पेजला मात्र मुख्य दालनाचे दार उघडे होते. बाजारपेठेतली सर्व दुकाने एका रात्रीत मागच्या गल्लीत नेऊन ठेवावीत आणि रस्त्यावर फक्त भाडे देणाऱ्यांनाच उभे राहू द्यावे, तसा हा प्रकार झाला.

स्लोव्हाकियातील पत्रकार फिलिप स्ट्रुहारिक यांनी त्याचे परिणाम प्रथम जगापुढे मांडले. त्या देशातील साठ प्रमुख वृत्तसंस्थांच्या पेजेसना मिळणारा प्रतिसाद प्रयोगानंतर एक चतुर्थांशावर आला होता. साठ मोठ्या संस्थांची ही गत, तर एखाद्या लहान गावातल्या बेकरीची किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईची काय झाली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मोठ्यांचे नुकसान मोजले जाते, लहानांचे नुसतेच होते. या सहा देशांतील व्यापाऱ्यांना कोणी आधी विचारले नव्हते. हा प्रयोग जगभर लागू करण्याचा विचार नाही, असा खुलासा न्यूज फीडचे तेव्हाचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी केला. लोकांना दोन वेगळ्या फीड नको आहेत असे सांगून मार्च २०१८ मध्ये प्रयोग थांबवण्यात आला, आणि तो करताना लोकांना नीट माहिती दिली नाही, हेही कंपनीने मान्य केले. चार-पाच महिन्यांच्या बुडालेल्या धंद्याची भरपाई मात्र या कबुलीने होण्यासारखी नव्हती.

प्रयोग संपला तरी त्यामागचा विचार संपलेला नव्हता. जानेवारी २०१८ मध्येच मार्क झुकरबर्ग यांनी सर्व देशांसाठी नवे धोरण जाहीर केले होते. यापुढे आप्तस्वकीयांच्या पोस्टना आणि ज्यांवर चर्चा झडते अशा मजकुराला अग्रक्रम मिळणार होता. पेजेसची पोच घटेल, हे कंपनीने त्याच वेळी स्पष्ट केले. आता आंब्याच्या भावावर चर्चा ती काय झडणार? ‘पाच डझनाची पेटी, भाव अमुक, मागणी नोंदवावी’ या पोस्टला ज्याला आंबा हवा तो मागणी नोंदवतो, ज्याला नको तो पुढे जातो. वाद नाही, भांडण नाही, म्हणून यंत्रणेच्या लेखी ती पोस्ट निर्जीव ठरते. याउलट लोकांना चिडवणारा मजकूर दूरवर जातो. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरून असे दिसले की, काही काळ रागाच्या चिन्हाला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते. ‘पोस्ट आवडली तर लाइक करा, तीन मित्रांना जोडा’ अशी विनवणी करून पोच वाढवावी म्हटले, तर अशा पोस्ट मागे ढकलण्याचा नियम डिसेंबर २०१७ पासूनच होता. थोडक्यात, गप्प बसावे तर कोणाला दिसत नाही आणि विनवावे तर शिक्षा होते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की, वाचकाच्या हाती सेटिंग आहेतच. ती आहेत, हे खरे. आवडत्या पेजच्या पोस्ट आधी दाखवा, असे सांगण्याची सोय जुलै २०१५ मध्ये आली. पुढे तीस नावांपर्यंत ‘फेव्हरिट्स’ची यादी करण्याची मुभा मिळाली. जुलै २०२२ पासून काळाच्या क्रमाने पोस्ट दाखवणारे ‘फीड्स’ नावाचे निराळे दालन सुरू झाले. त्याबरोबरच एखाद्या पेजला तीस दिवस गप्प करण्याची, एखादी पोस्ट लपवण्याची किंवा नाते न तोडता अनुसरण थांबवण्याचीही सोय आहे. अनुयायांच्या आकड्यात दिसणारे काही जण अशा रीतीने केव्हाच निघून गेलेले असतात आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही नसतो.

परंतु या सोयींचे खरे स्वरूप पाहिले पाहिजे. त्या शोधून काढाव्या लागतात, आणि बहुसंख्य लोक त्या शोधत नाहीत. फेसबुक उघडताच समोर येते ती कंपनीने ठरवलेली मांडणी. काळाच्या क्रमाची फीड निवडली, तरी ती निवड टिकत नसे. काही वेळाने मूळ मांडणी परत येई, आणि तसे होईल हे कंपनीच्या मदतपुस्तिकेतच लिहिलेले होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने पहिला पडदा ज्याच्या हाती त्याचीच निवड चालते. घराला खिडक्या पुष्कळ ठेवल्या आणि त्या रोज रात्री आपोआप बंद होऊ लागल्या, तर घरात हवा खेळते असे कोणी म्हणणार नाही.

तथापि, सर्व पोस्ट काळाच्या क्रमाने दाखवल्या की न्याय झाला, असेही समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीच्या सुमारास संशोधकांनी काही वापरकर्त्यांची फीड तीन महिने कालक्रमावर ठेवून पाहिली. त्याचे निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या लोकांनी फेसबुक-इन्स्टाग्रामवर घालवलेला वेळ बराच घटला, पण त्यांच्यापुढे अविश्वसनीय मजकुराचे प्रमाण वाढले. कालक्रम हा जो अधिक वेळा ओरडतो त्याचा मित्र असतो. पगारी माणसे ठेवून दिवसातून दहा पोस्ट टाकणारी मोठी पेढी तेथे सहज पुढे जाईल आणि आठवड्यातून एकदा भाव टाकणारा बागायतदार तळाशी जाईल. तेव्हा आग्रह धरायचा तो विशिष्ट क्रमाचा नव्हे. गिऱ्हाइकाने एकदा केलेली निवड, ती कोणतीही असो, त्याने स्वतः बदलेपर्यंत टिकली पाहिजे, एवढीच मागणी रास्त ठरेल.

शहाण्या धंदेवाल्यांनी यातून आपापली वाट काढली आहे. ते फेसबुकवरून आलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या हंगामात त्याला व्हॉट्सअॅपवर थेट कळवतात. युक्ती चांगलीच आहे. मात्र व्हॉट्सअॅप हेही २०१४ मध्ये फेसबुकनेच विकत घेतले, आणि मोठ्या प्रमाणावर जाहिरातवजा संदेश पाठवणाऱ्या व्यावसायिकांकडून तेथेही शुल्क आकारले जाते. वहीवर मात्र अजून कोणाची मालकी नाही.

युरोपने या प्रश्नाकडे ग्राहकाचा हक्क म्हणून पाहिले. तेथील डिजिटल सेवा कायद्यानुसार ऑगस्ट २०२३ पासून अतिविशाल समाजमाध्यमांना, वाचकाच्या खासगी सवयींवर आधारलेली नसलेली अशी एक तरी मांडणी देणे बंधनकारक आहे. तरीही निवड न टिकण्याचे दुखणे राहिलेच होते. त्याविरुद्ध नेदरलँड्समधील ‘बिट्स ऑफ फ्रीडम’ ही संस्था न्यायालयात गेली. अॅप बंद केले किंवा दुसऱ्या दालनात गेले, तरी वाचकाची निवड कायम राहिली पाहिजे, असा आदेश अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आणि तो न पाळल्यास दिवसाला १ लाख युरो दंड ठोठावला. निकाल मान्य नसल्याचे कंपनीने लगेच सांगितले. फेसबुकचे सर्वाधिक वापरकर्ते भारतात आहेत. येथील २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आक्षेपार्ह मजकूर आणि तक्रारनिवारण यांविषयी बरेच काही सांगतात. २०२३ चा कायदा वैयक्तिक विदेच्या रक्षणाबद्दल बोलतो. आपल्यापुढे काय आणि कोणत्या क्रमाने यावे, हे ठरवण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क या दोहोंत कोठेच नाही. देवगडच्या बागायतदाराने किंवा डोंबिवलीच्या गृहिणीने उद्या अॅमस्टरडॅमसारखी दाद मागायचे ठरवले, तरी बोट ठेवायला त्यांच्यापाशी तसे कलम नाही.