बिशपसाहेबांची बदली

कोडोली म्हटलं की पन्हाळा तालुका, ऊस आणि शेजारचं वारणानगर आठवतं. पण अमेरिकन मिशनऱ्यांनीही इथं बस्तान बसवलं होतं आणि मिशनचं हॉस्पिटल आजही पंचक्रोशीला ठाऊक आहे. गंमत अशी, की इथला मिशनरी हाडाची काडं करून राबला तरी बिशप होण्याची सोय नव्हती! हे मिशन प्रेस्बिटेरियन. त्यांच्यात बिशप हे पदच नाही. पाळक आणि मंडळीने निवडलेले वडील मिळून कारभार बघतात.

मग कोडोली ज्या जिल्ह्यात येते त्या कोल्हापूरला पुढे बिशप मिळाला कसा? 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं आणि त्यात कोल्हापूरचा धर्मप्रांत झाला. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बिशप होते ते अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र बोलणी करून करून ऐन वेळी बाहेर राहिले.

मिशनरी ते बिशप ही बढती बघायची तर याच मेथडिस्टांकडे. विल्यम टेलर घ्या. सोन्यासाठी धावाधाव चाललेल्या सॅन फ्रान्सिस्कोत हा माणूस सात वर्षं भर रस्त्यात उभा राहून प्रवचनं देत होता. ऑस्ट्रेलियातून निलगिरीचं बी कॅलिफोर्नियात धाडण्याचं श्रेयही त्याला देतात. 1871 मध्ये तो मुंबईत आला, पुण्यातही सभा घेतल्या, आणि परदेशी पैशावर नव्हे, इथल्याच मंडळींच्या वर्गणीवर चालणारी चर्च उभी केली. पुढे 1884 मध्ये त्याला बिशप केलं ते आफ्रिकेचा! तेही ‘मिशनरी बिशप’, म्हणजे अधिकार नेमून दिलेल्या मुलखापुरता. मायदेशी अमेरिकेत त्या बिशपपणाला अधिकार शून्य.

पण बदल्यांचा खरा विक्रम विल्यम फिट्झजेम्स ओल्डम यांचा. जन्म 1854, बंगळूर. नोकरी सरकारी सर्वेक्षण खात्यात, म्हणजे साखळ्या ओढत जमिनी मोजायच्या. पुण्यात मेथडिस्टांच्या सभेला गेले आणि तिथंच आयुष्याला कलाटणी मिळाली. नोकरी सोडून शिकायला अमेरिका गाठली. पत्नी मेरीही मागे राहिल्या नाहीत. त्यांनी तिथलंच माउंट होल्योक हे महिला विद्यालय गाठलं. एकोणिसाव्या शतकात नवरा-बायको दोघांनी समुद्र ओलांडून शिकायचं, ही मला त्यांच्या बिशपपणाहून मोठी बातमी वाटते.

शिकून परतले ते भारतात काम करायच्या तयारीने. वरिष्ठांनी हातात हुकूम ठेवला: सिंगापूर! फेब्रुवारी 1885 मध्ये ते तिथं उतरले. चिनी व्यापाऱ्यांचं एक वादविवाद मंडळ होतं. तिथं साहेबांनी व्याख्यान दिलं ते बायबलवर नव्हे, खगोलशास्त्रावर. ग्रहताऱ्यांत रमलेल्या शेठजींना साहेबांचं इंग्रजी भारी आवडलं. एकाने स्वतःसाठी शिकवणी मागितली, मग पोरांसाठी शाळाच हवी झाली. 1 मार्च 1886 ला अमॉय स्ट्रीटवरच्या एका दुकानघरात 13 मुलं बसली आणि अँग्लो-चायनीज स्कूल सुरू झाली. आज ती सिंगापुरातल्या नामांकित शाळांपैकी एक, आणि तिथलं वसतिगृह ‘ओल्डम हॉल’ म्हणून ओळखलं जातं. शाळा काढणारे गुरुजी मात्र चार वर्षांतच तब्येत ढासळल्याने सिंगापूर सोडून गेले.

जाता जाता कोल्हापूरची एक फुशारकी मारून घेतो. त्याच 1886 मध्ये अमेरिकेत माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनरी व्हायची तयारी दाखवली. त्यांना चेतवणाऱ्यांत पुढे होता रॉबर्ट वाइल्डर. त्याचा जन्म 1863 चा, कोल्हापुरातला! तिथलं मिशन 1852 मध्ये सुरू करणाऱ्या रॉयल गूल्ड वाइल्डर यांचा हा मुलगा.

ओल्डम यांची बढती आली 1904 मध्ये: दक्षिण आशियाचे मिशनरी बिशप. 1912 मध्ये ते पद सोडून मिशनच्या मुख्य कार्यालयात चिटणीस झाले. 1916 मध्ये पुन्हा बिशप, या वेळी पूर्ण अधिकाराचे. आणि मुक्काम? ब्युनॉस आयरिस! बंगळूरचा जन्म, पुण्यात पालट, सिंगापुरात शाळा आणि म्हातारपणी दक्षिण अमेरिका. बदलीच्या नोकरीत हाल काढलेल्या आपल्या तलाठ्यांनी, मास्तरांनी या साहेबांची फाईल जरूर बघावी. 1928 मध्ये निवृत्ती, 1937 मध्ये कॅलिफोर्नियात निधन.

या सगळ्या गोऱ्या नावांत एक आडनाव मात्र आपल्या ओळखीचं निघतं: चितांबर. जसवंतराव चितांबर, जन्म 1879, अलाहाबाद, घराणं मराठी ब्राह्मणाचं, वडील ख्रिस्ती झालेले. लखनौ ख्रिश्चन कॉलेजचे ते पहिले भारतीय प्राचार्य. 1930-31 च्या कानपूर अधिवेशनात ते मेथडिस्टांचे पहिले भारतीय बिशप झाले, आणि 1933 मध्ये या बिशपने इंग्रजीत चरित्र लिहिलं ते महात्मा गांधींचं!