रुमालाखालचा सौदा आणि आमची बावीस टेबले

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आम्ही गेलो ते घोडे पाहायला नव्हे, स्वतःची चूक शोधायला.

त्याआधीच्या जानेवारीत आम्ही शिक्षकांनी मिळून शाळेच्या मैदानावर घरगुती उद्योगांचे प्रदर्शन भरवले होते. मुलांच्या अम्मी, खाला, आपा. कुणी पापड-शेवया करते, कुणी मिरची-मसाला कुटते, कुणी शिवणकाम. बावीस टेबले मांडली, मंडप घातला, पाहुणे बोलावले. भाषणेच दीड तास चालली. ती संपेपर्यंत जोहरची वेळ झाली. नमाजनंतर जे परतले, ते एका टोकाने शिरले आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडले. बायका टेबलामागे, लोक टेबलापुढे आणि सगळ्यांच्या डोक्यावर कर्णा. तीन आठवड्यांनी कळले, शहाद्याचा एक किराणा दुकानदार त्या दिवशी घरगुती पापड पुरवणारे कुणी मिळते का हे पाहायलाच आला होता. पापडवाल्या आपांच्या टेबलासमोरून तो दोनदा गेला होता म्हणे. आपांनी चौदा किलो पापड तसेच घरी नेले. उडदाची डाळ त्यांनी बचत गटाच्या कर्जातून भरली होती, हेही आम्हाला नंतरच समजले. ते अजून खुपते.

सारंगखेडा आमच्या जिल्ह्यातले, शहादा तालुक्यात तापीच्या काठी. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, पंजाब, कुठून कुठून व्यापारी येतात. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे रांगेने बांधलेले असतात. व्यापाऱ्यांत मुस्लिम पुष्कळ. यात्रा दत्ताची आणि तळावर असरच्या वेळी जाजम अंथरलेले, याचे तिथे कुणालाच नवल वाटत नाही.

आम्ही सकाळपासून एका तळाजवळ बसून राहिलो. पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की इथे कुणी टेबलामागे उभे नाही. घोडा मध्ये, माणसे भोवती. गिऱ्हाईक आले की मालक किंमत सांगत नाही. घोड्याचे तोंड उघडून दात दाखवतो, कारण वय दातांवरून कळते. मग अंगावरचे भोवरे पाहायचे, खूर उचलून पाहायचे, मग घोडा चालवून, पळवून दाखवायचा. रेवाल चाल असेल तर पाहणारे आपसूक बाजूला सरकून वाट करून देतात. एवढे होईतो शेजारचे दोन-तीन व्यापारी येऊन आपले मत देऊन गेलेले असतात. नालबंद बोलतो, चहावाला बोलतो. अनोळखी माणसाशी काय बोलावे हा प्रश्नच येत नाही, बोलायला घोडा असतो.

उत्तर प्रदेशातून आलेल्या एका वृद्ध व्यापाऱ्याशी आमची उर्दूत गट्टी जमली. त्यांनी एका गिऱ्हाइकाला आपणहून सांगितले, "घोडी चांगली आहे, पण गर्दीत बुजते. वरातीला घेत असाल तर घेऊ नका." गिऱ्हाईक गेले. आम्ही विचारले, चाचा, सौदा घालवलात की. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मला इथेच यायचे आहे आणि त्यालाही. तोंड कुठे लपवू?" मालातला दोष झाकून विकू नये, हे आपण मुलांना दीनियातच्या तासाला शिकवतो. इथे ते बाजाराच्या तारखेनेही शिकवले होते. तिथी ठरलेली, जागा ठरलेली, माणसे तीच. खोटे एकदाच खपते.

आणि तो रुमाल! जनावरांच्या बाजारातली ही जुनी रीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात, बोटे धरून आकडा सांगितला जातो. भोवती पन्नास माणसे, तरी बोलणे दोघांचेच. कमी मागणाऱ्याची शोभा होत नाही, नाकारणाऱ्याचाही वाईटपणा होत नाही. आता बरेच सौदे उघड होतात, पैसे फोनवरून जातात. तरी आम्हाला त्या रुमालाने विचारात टाकले. आमच्या मंडपात दोन माणसांना शांतपणे बोलता येईल अशी वीतभर जागा नव्हती.

एक तक्रार करतो. आता यात्रेला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. घोड्यांच्या स्पर्धा होतात, दूरदूरचे पाहुणे येतात, नाव होते, चांगलेच आहे. पण रंगमंचाचा आवाज जिथवर पोहोचतो तिथवर बोलणे थांबते. चाचांनीही आपली बाज दोनदा हलवली.

तसे पाहिले तर जुन्या जत्रा-बाजारांना ही जाण होतीच. इस्लामपूर्व अरबस्तानात तायफजवळ उकाजचा बाजार जिल्काद महिन्यात भरे. त्या महिन्यात लढाईला बंदी, म्हणून एरवी वैरात असलेले कबिले तिथे समोरासमोर येत. व्यापार होई, कवींचे सामने होत. जर्मनीतल्या लायपझिगच्या जत्रेने 1895 मध्ये वेगळी वाट काढली. गाड्या भरभरून माल आणण्याऐवजी फक्त नमुने मांडायचे, मागणी तिथे नोंदवायची, माल मागाहून. आजची व्यापारी प्रदर्शने याच वळणाची. पण नमुना तर आता फोनवरही दिसतो. मग माणसाने प्रवास करून यायचे कशासाठी? समोरचा कसा आहे हे पाहायला. घोड्याचे दात पाहतो तसेच.

पुढच्या जानेवारीत आम्ही टेबलेच मांडली नाहीत. सतरंज्या अंथरल्या. जिचे जे काम ते तिने तिथेच करायचे. पापड लाटले गेले, खलबत्त्यात मसाला कुटला, शिवणयंत्र चालले. भाषण नाही, कर्णा नाही. चहा एकाच ठिकाणी, म्हणजे सगळ्यांना तिथे यावेच लागेल. एका कोपऱ्यात पडदा लावून दोन बाजा टाकल्या, निवांत बोलायला. जोहरची सुट्टी आधीच जाहीर केली. प्रत्येकाच्या छातीवर चिठ्ठी: नाव, गाव, आणि ‘मला काय हवे’.

चिठ्ठ्या फसल्या. निम्म्या उर्दूत, निम्म्या मराठीत, आणि वाचायला चष्मे घरी. शेवटी आठवीच्या मुलींनी कामगिरी हाती घेतली. दोन्ही लिप्या त्यांना येतात. "चला खालू, तुम्हाला हवे ते तिकडे आहे," म्हणत त्या माणसाला हाताला धरून नेऊ लागल्या. असा दलाल आम्हाला सुचला नसता.

विक्री गेल्या वर्षीपेक्षा फार झाली असे नाही. मसालेवाल्या खाला तर नाराजच होत्या, कुटून हात दुखले आणि माल तेवढाच गेला. पण शिवणवाल्या एका बाजींना तळोद्याच्या दुकानदाराचे काम मिळाले, ते अजून चालू आहे. शहाद्याचे किराणावालेही आले. पडद्यामागे ते आणि पापडवाल्या आपा पाऊण तास बोलत होते. दर ठरला नाही. दुकानदारांना पापड पातळ हवे होते, आपा म्हणाल्या, पातळ लाटला तर प्रवासात मोडेल.

यंदाची तारीख जाहीर केली तसा आपांचा निरोप आला: मला चहाजवळची जागा द्या, आणि ते शहाद्याचे भाई येणार आहेत ना, तेवढे विचारून ठेवा. दोन जाडीचे पापड करून ठेवलेत.